‘राजा आली!’ : पुसलेल्या नावाचा शोध



एखाद्या जुन्या भिंतीवर ‘राजा सिंहासनावर बसली’ असे वाक्य कोरलेले तुम्हाला आढळले, तर तुम्ही काय म्हणाल? तुमच्या वहीत हे वाक्य आले असते, तर मराठीच्या शिक्षकांनी ‘बसली’ ह्या शब्दाखाली लाल रेघ ओढली असती. पण समजा, ही ‘चूक’ त्या भिंतीवर एकदाच नव्हे, तर पुन्हा पुन्हा केलेली आहे, आणि कोरणारे कारागीर तर राजदरबारातील अव्वल दर्जाचे आहेत. मग तिला चूक म्हणायचे की पुरावा?

इ. स. १८२९ मध्ये फ्रेंच विद्वान शांपोल्यों ह्याच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे त्याने त्याआधी सात वर्षे, म्हणजे १८२२ मध्ये, सोडवले होते. इजिप्तच्या प्रवासात तो नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सॉर शहरासमोर असलेल्या देर अल्-बाहरी ह्या ठिकाणी गेला. तेथे एका मोठ्या मंदिराचे अवशेष ढिगाऱ्यात अर्धवट गाडलेले होते. भिंतीवर राजाचे चित्र होते. राजाचा पोशाख, राजाचा मुकुट, हनुवटीला राजचिन्ह म्हणून बांधावयाची खोटी दाढीसुद्धा होती. पण सोबतच्या मजकुरातील नामे आणि क्रियापदे मात्र स्त्रीलिंगी!

इजिप्तच्या जुन्या भाषेत स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी बहुधा ‘त’ हा ध्वनी येतो, आणि तो लिहिण्यासाठी अर्धवर्तुळाकार पावाची एक लहानशी खूण काढीत. पुत्र म्हणजे ‘सा’. तो लिहावयाचा तर बदकाचे चित्र. कन्या म्हणजे ‘सात’. बदकाचे चित्र आणि शेजारी तो पाव. राजाला ‘सूर्यदेव रे ह्याचा पुत्र’ म्हणत. ह्या भिंतीवर त्या पदवीतील बदकाशेजारी पाव होता. एवढीशी ती खूण, पण तिने एक मोठे गुपित फोडले. दाढी लावलेला तो राजा एक स्त्री होती.

तिचे नाव हत्शेपसुत. तिचे नाव आणि तिची चित्रे पुसून टाकण्याचा पद्धतशीर प्रयत्न तिच्या मृत्यूनंतर झाला होता. तरीही आज आपण तिच्याविषयी बरेच काही खात्रीने सांगू शकतो. हे कसे शक्य झाले? आणि खात्रीने म्हणजे नेमके किती खात्रीने? हे पाहण्यासाठी आपण तिच्या मंदिरात एक फेरफटका मारू या. वाटेत भूगोल, प्राणिशास्त्र, भौतिकी आणि थोडे त्रिकोणमितीही लागेल. तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

कोण होती हत्शेपसुत?

आजपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये अठराव्या राजवंशाची सत्ता होती. हत्शेपसुत ही पहिल्या थुटमोसची मुलगी आणि दुसऱ्या थुटमोसची राणी. दुसरा थुटमोस वारला तेव्हा त्याचा दुसऱ्या एका स्त्रीपासून झालेला मुलगा, तिसरा थुटमोस, अगदी लहान होता. तो गादीवर बसला आणि कारभार हत्शेपसुतच्या हाती आला. अशी व्यवस्था इजिप्तला नवी नव्हती. नवे घडले ते पुढे. तिसऱ्या थुटमोसच्या सातव्या राज्यवर्षापर्यंत तिने स्वतःच राजाच्या सगळ्या पदव्या धारण केल्या. मुलगा गादीवर राहिलाच. पण आता राजे दोन होते, आणि मानाचे पहिले स्थान तिचे होते.

तिची कारकीर्द साधारणपणे इ. स. पूर्व १४७९ ते १४५८ अशी धरतात. ह्या काळात तिने पुष्कळ बांधकामे केली. त्यांतील सर्वांत देखणे म्हणजे देर अल्-बाहरीचे मंदिर. त्याचे मूळ नाव जेसेर-जेसेरू, म्हणजे ‘पवित्रांतील पवित्र’. मृत्यूनंतर तिची आणि आमुन देवाची पूजा येथे चालावी, हा त्याचा हेतू होता. देर अल्-बाहरी हे नाव अरबी असून त्याचा अर्थ ‘उत्तरेकडील मठ’ असा आहे. पुढे कित्येक शतकांनी ख्रिस्ती साधूंनी ह्याच जागी मठ बांधला, त्यावरून ते पडले.

पहिला मजला : फुशारकीची तपासणी

मंदिरासमोर उभे राहिल्यावर प्रथम नजर जाते ती मागच्या उभ्या कड्याकडे. त्या कड्याच्या पायथ्याशी, एकावर एक मागे सरकत गेलेले चुनखडकाचे तीन विस्तीर्ण मजले आहेत. प्रत्येकाच्या दर्शनी बाजूस खांबांची ओळ, आणि मधोमध वर चढत जाणारा उतरणीचा रस्ता. ह्याच कड्याच्या पलीकडे राजांची प्रसिद्ध दफनभूमी आहे.

खालच्या ओळीत डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडे, वळा. येथील भिंतीवर एका प्रचंड तराफ्याचे चित्र आहे. त्यावर दोन ओबेलिस्क आहेत, आणि तीन रांगांतील नावा तो तराफा ओढीत आहेत. ओबेलिस्क म्हणजे एकाच दगडातून घडवलेला, वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ. दक्षिणेकडील अस्वानच्या खाणीतून असे ग्रॅनाइटचे स्तंभ आणून हत्शेपसुतने नदीपलीकडच्या कर्नाकच्या मंदिरात उभे केले. त्यांतील एक आजही तेथे उभा आहे. उंची सुमारे २९.५ मीटर, वजन अंदाजे ३२३ टन. दहा-दहा टनांच्या बत्तीस मालमोटारी भरतील एवढे हे वजन! आणि तळाशी कोरलेला लेख सांगतो की ह्या जोडीचे खाणीतील काम अवघ्या सात महिन्यांत झाले.

राजेलोकांना फुशारकी मारण्याची सवय असते. मग हे चित्र खरे मानायचे का? हिशेब करून पाहू. हत्शेपसुतच्या वडिलांचा अधिकारी इनेनी ह्याच्या थडग्यात, ओबेलिस्क आणण्यासाठी बांधलेल्या एका नौकेची मापे नोंदलेली आहेत : लांबी १२० हात, रुंदी ४० हात. इजिप्तचा शाही हात सुमारे ५२.५ सेंटिमीटरांचा. म्हणजे नौका ६३ मीटर लांब व २१ मीटर रुंद झाली. टोकांकडे ती निमुळती असणार, म्हणून पाण्यावरचे तिचे क्षेत्रफळ पूर्ण आयताचे न धरता सुमारे १००० चौरस मीटर धरू. समजा, दोन्ही स्तंभ आज उभ्या असलेल्या स्तंभाएवढेच आहेत. त्यांचे एकूण वजन ६४६ टन. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. ६४६ टन पाण्याचे आकारमान ६४६ घनमीटर. त्याला १००० ने भागा. उत्तर येते सुमारे ६५ सेंटिमीटर.

म्हणजे एवढा मोठा भार चढवल्यावर नौका हातभर किंवा थोडी अधिक खाली बसली असती, इतकेच. स्तंभ नदीकाठापर्यंत ओढून आणणे, नौकेवर चढवणे आणि पुन्हा उतरवणे ही कामे अतिशय अवघड होती, ह्यात शंका नाही. पण ‘एवढे वजन लाकडी नौकेवर राहीलच कसे?’ ह्या शंकेला आर्किमिडीजने उत्तर दिले. आपल्या हिशेबाने चित्रातील घटना घडली असे सिद्ध होत नाही, ती अशक्य नव्हती एवढेच दिसते. घडल्याचा पुरावा कर्नाकला उभा आहे. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

दुसरा मजला : एक खरी हकीकत, एक सोयीची

आता दुसऱ्या मजल्यावर चला. येथे मधल्या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या कथा कोरलेल्या आहेत.

उजवीकडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या भिंतीवर हत्शेपसुतच्या जन्माची कथा आहे. आमुन देव तिच्या वडिलांचे रूप घेऊन राणी आहमोसकडे आला आणि त्याच्यापासून ही कन्या झाली, असे ती सांगते. ही कथा कशासाठी कोरली असेल ते तुमच्या लगेच लक्षात येईल. गादीवरील आपला हक्क लोकांना पटवण्यासाठी राजांना देवांचा आधार लागे, आणि हत्शेपसुतला तर तो अधिकच लागणार होता.

डावीकडच्या भिंतीवर पुंत देशाच्या सफरीची हकीकत आहे. तिच्या नवव्या राज्यवर्षी पाच जहाजे तांबड्या समुद्रातून पुंत नावाच्या देशाला गेली आणि तेथून सुगंधी डिंकाची झाडे, हस्तिदंत, सोने, माकडे असा माल घेऊन आली. मुळे टोपल्यांत घालून ती झाडे जिवंत आणली जात आहेत, असेही चित्रात दिसते. हीसुद्धा कल्पित कथा असेल काय? येथे जीवशास्त्रज्ञ मदतीला आले. जहाजांखालच्या पाण्यात कारागिरांनी मासे कोरले आहेत. ते नुसते शोभेचे मासे नाहीत. त्यांतील अनेकांच्या जाती ओळखता येतात, आणि त्या तांबड्या समुद्रातील आहेत. नाईलच्या काठी बसून कल्पनेने काढलेल्या चित्रात असे मासे आले नसते. ते प्रत्यक्ष पाहिलेला कोणीतरी जहाजावर असला पाहिजे.

पुंत देश नेमका कोठे होता, ह्या प्रश्नावर अलीकडे भौतिकी-रसायनशास्त्रानेही प्रकाश टाकला आहे. भिंतीवरील जहाजांवर बबून माकडे दिसतात. इजिप्तमध्ये बबून मुळात आढळत नसत. ते बाहेरून आणले जात, आणि मेल्यावर त्यांच्याही ममी करीत. आता, स्ट्रॉन्शियम ह्या मूलद्रव्याची अनेक समस्थानिके आहेत. त्यांतील स्ट्रॉन्शियम-८७ हे रुबिडियम-८७ च्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून तयार होत असते. त्यामुळे खडकाचा प्रकार आणि वय बदलले की स्ट्रॉन्शियम-८७ व स्ट्रॉन्शियम-८६ ह्यांचे प्रमाणही बदलते. हे प्रमाण खडकातून मातीत, मातीतून झाडपाल्यात आणि तेथून प्राण्याच्या दातांत जाते. दाताचे वरचे आवरण लहानपणी एकदा बनले की फारसे बदलत नाही. म्हणजे प्रत्येक प्राणी आपल्या बालपणीच्या गावाचा पत्ता दातांत घेऊन हिंडत असतो! २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नव्या राज्यकालातील, म्हणजे साधारणपणे हत्शेपसुतच्या आणि तिच्या पुढच्या काही शतकांतील बबून-ममींचे असे परीक्षण केले होते. उत्तर आले : आजचे इरिट्रिया, इथिओपिया व सोमालिया ह्यांचा प्रदेश.

एकाच मजल्यावर, एकाच राजाज्ञेने कोरलेल्या ह्या दोन कथा. एक मासे आणि दात ह्यांच्या कसोटीला उतरते. दुसरी राजकीय सोयीची आहे. तेव्हा दगडात कोरले आहे एवढ्यावरून काही खरे ठरत नाही. भिंत ही साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते.

तिसरा मजला : तिरपा प्रकाश

आता वरच्या मजल्यावर या. येथील खांबांना टेकून हत्शेपसुतचे भव्य पुतळे उभे आहेत. तुम्ही पाहता ते पुष्कळसे तुकडे जोडून पुन्हा उभे केलेले आहेत. आत गेल्यावर भिंतींवर एक विचित्र गोष्ट दिसते. देवासमोर कोणीतरी नैवेद्य घेऊन उभे आहे. पण त्या ‘कोणीतरी’च्या जागी माणसाच्या आकाराचा खरवडलेला डाग आहे. छिन्नी चालवणाऱ्यांनी बहुधा आकृतीच्या बाह्यरेषेच्या आतच काम केले. चित्र गेले, पण चित्राचा आकार उरला! काही ठिकाणी तिचे नाव घासून त्यावर तिच्या वडिलांचे किंवा पतीचे नाव कोरले आहे. पण घाईत पावाची ती इवलीशी खूण राहून गेली की वाक्य पुन्हा ‘राजा थुटमोस आली’ असे होऊन बसते.

घासलेले नाव वाचावयाचे कसे? ह्याचे उत्तर घरी बसून मिळेल. वहीच्या वरच्या पानावर बॉलपेनने चांगले दाबून तुमचे नाव लिहा आणि ते पान काढून टाका. खालचे कोरे पान दिव्याखाली धरा; त्यावर जवळजवळ काहीच दिसणार नाही. आता खोलीत अंधार करा आणि बॅटरी पानाच्या कडेला, जवळजवळ पानाला टेकवून धरा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागाला घासत जाईल. नाव एकदम उठून दिसेल.

असे का होते? समजा, दगडावर १ मिलिमीटर उंचीची कड उरली आहे. प्रकाशकिरण पृष्ठभागाशी जो कोन करतात, त्यावर तिच्या सावलीची लांबी ठरते. कडेच्या उंचीला त्या कोनाच्या टॅनने भागले की सावली मिळते. समोरून, म्हणजे ९० अंशांनी, प्रकाश आला तर सावली शून्य. ४५ अंशांना सावली १ मिलिमीटर. १० अंशांना ५.७ मिलिमीटर. ५ अंशांना ११.४ मिलिमीटर! दगड तोच, कड तीच. केवळ प्रकाशाची दिशा बदलली आणि डोळ्याला न दिसणारी खूण दहापट मोठी झाली. पुरालेखांचे अभ्यासक दिव्याने किंवा आरशाने असा तिरपा प्रकाश भिंतीवर पाडतात, छायाचित्रे घेतात, नकला काढतात आणि पुन्हा भिंतीशी ताडून पाहतात. १८९३ पासून ह्या मंदिराचे उत्खनन नाव्हील ह्या स्विस संशोधकाने केले, तेव्हा भिंतींवरील चित्रांच्या नकला काढणाऱ्यांत हॉवर्ड कार्टर नावाचा एक तरुण चित्रकार होता. पुढे १९२२ मध्ये तुतनखामेनचे थडगे शोधणारा तो हाच. १९६१ पासून पोलंड व इजिप्त ह्या देशांतील तज्ज्ञ येथे जोडकाम आणि अभ्यास करीत आले आहेत.

तपासणीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. सगळी खाडाखोड एकाच हातची नाही. हत्शेपसुतची नावे पुसली गेली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी अखेनातेन राजाने आमुन देवाची नावे व चित्रे फोडली. त्याच्याही नंतर दुसऱ्या रामसेसने त्यांची दुरुस्ती केली. म्हणजे छिन्नीच्या प्रत्येक घावाला ‘तू कोणाचा?’ असे वेगळे विचारावे लागते.

कोणी, केव्हा आणि का?

आता मुख्य प्रश्न. नाव पुसले कोणी? तिसऱ्या थुटमोसच्या काळात हे झाले, ह्याविषयी बहुतेकांचे एकमत आहे. मग का? ह्याचे सरळ उत्तर पूर्वी पुष्कळ पुस्तकांत दिलेले असे. सावत्र आईने हक्काची गादी बळकावली, मुलाने वीस वर्षे राग गिळला, आणि ती मरताच सूड उगवला! गोष्ट नाट्यमय आहे, पटण्यासारखीही आहे. पण ती तपासायची कशी?

समजा, तुमच्या वर्गाच्या भिंतीवर कोणी काही खरडले आणि नंतर त्यावर चुना दिला गेला. चुना दिवाळीच्या सुट्टीत दिला हे ठाऊक असेल, तर खरडणे त्याआधीचे हे निश्चित. आणि खरडलेला मजकूर चुन्याखाली न खोडता शाबूत सापडला, तर सुट्टीपर्यंत तो कोणी खोडलेला नव्हता, हेही निश्चित. बांधकामाच्या थरांवरून काळ ठरवण्याचे तत्त्व हेच. कर्नाकच्या बांधकामांचा क्रम अशाच रीतीने लावून चार्ल्स निम्स ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ मध्ये दाखवून दिले की ही खाडाखोड तिसऱ्या थुटमोसच्या बेचाळिसाव्या राज्यवर्षाआधी झालेली असू शकत नाही. हत्शेपसुत त्याच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास वारली होती. म्हणजे मध्ये सुमारे वीस वर्षे गेली!

संतापलेला माणूस वीस वर्षे थांबतो का? सूडाची कथा येथे लंगडी पडली. आता अनेक अभ्यासकांना वाटते की म्हातारपणी तिसऱ्या थुटमोसला आपल्या मुलाचा वारसा निर्वेध करावयाचा होता, आणि त्यासाठी बापाकडून मुलाकडे अशी अखंड पुरुष-परंपरा दिसणे सोयीचे होते. पुसलेल्या नावांच्या जागी त्याने बहुतेक ठिकाणी स्वतःचे नव्हे, तर आजोबांचे वा वडिलांचे नाव घातले, हे ह्या तर्काशी जुळते. पुढे अबायडोस येथील मंदिरात सेती राजाने पूर्वजांची जी यादी कोरवली, तीत हत्शेपसुतचे नाव नाही.

तिच्या पुतळ्यांचीही अशीच गोष्ट. मंदिरासमोरच्या जुन्या खाणीत त्यांचे असंख्य तुकडे फेकून दिलेले होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वतीने हर्बर्ट विनलॉक ह्याने १९२० च्या दशकात ते खणून काढले. काही पुतळ्यांचे अर्धे तुकडे त्याआधीच बर्लिनला पोहोचले होते. मोडलेल्या कडा एकमेकींत चपखल बसल्या, तेव्हा दोन खंडांतील तुकड्यांचे एक शरीर झाले. तुकड्यांची ती रास पाहून सूडाची कथा आणखी बळावली होती. पण २०२५ मध्ये टोरोंटो विद्यापीठातील जुन यी वाँग ह्यांनी त्या उत्खननाची जुनी टिपणे व छायाचित्रे पुन्हा तपासली. पुष्कळ पुतळे मान, कंबर आणि गुडघे अशा ठरावीक जागी मोडलेले आहेत, आणि अनेकांचे चेहरे शाबूत आहेत. पुतळ्याची शक्ती काढून घेण्याचा हा विधी इजिप्तमध्ये इतर राजांच्या पुतळ्यांनाही लावीत. शिवाय बरीचशी मोडतोड नंतरच्या लोकांनी दगड वापरण्यासाठी केली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भिंतींवरील नावे मुद्दाम पुसली गेली, हे ह्यामुळे खोटे ठरत नाही. मात्र ‘पुतळे फुटले’ ही वस्तुस्थिती आणि ‘रागाने फोडले’ हा आपला तर्क, ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

कधी कधी झाकण्यामुळे उलट संरक्षणही होते. कर्नाकच्या त्या ओबेलिस्कच्या भोवती तिसऱ्या थुटमोसने दगडी भिंत उभी केली. हेतू काहीही असो, त्या भिंतीआड स्तंभाचा खालचा भाग शतकानुशतके सुरक्षित राहिला!

जी पुसता आली नाही, ती दिशा

परतण्यापूर्वी मंदिराच्या मध्यरेषेवर उभे राहा आणि कड्याकडे पाठ करून नदीकडे पाहा. तुमचे तोंड बरोबर पूर्वेला नाही. पूर्वेपासून दक्षिणेकडे सुमारे २६ ते २७ अंश वळलेले आहे. हीच दिशा का?

वर्षातील सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, सूर्य पूर्वेच्या जास्तीत जास्त दक्षिणेला उगवतो. क्षितिज सपाट धरले तर हा कोन काढण्याचे सूत्र सोपे आहे : पृथ्वीच्या आसाच्या कलाच्या साइनला स्थळाच्या अक्षांशाच्या कोसाइनने भागा, येईल तो त्या कोनाचा साइन. मंदिराचा अक्षांश २५.७४ अंश. आसाचा कल मात्र आजचा २३.४४ अंश घेऊ नका. तो फार मंद गतीने बदलतो, आणि हत्शेपसुतच्या काळी सुमारे २३.८७ अंश होता. ०.४०४७ ला ०.९००८ ने भागले की ०.४४९३ येतात, आणि हा साइन २६.७ अंशांचा आहे. म्हणजे मंदिर मकरवृत्तावरील सूर्याच्या उदयाकडे तोंड करून उभे आहे! त्या दिवसांत सकाळचे किरण थेट आतल्या गाभाऱ्याच्या दिशेने जातात.

आजचा कल घालून तोच हिशेब करा. उत्तर येईल २६.२ अंश. फरक अर्ध्या अंशाचा. आकाशातील सूर्यबिंबाचा व्यासही साधारण अर्धा अंशच. साडेतीन हजार वर्षांत तो उदयबिंदू सुमारे एका सूर्यबिंबाएवढा उत्तरेकडे सरकला आहे.

पण येथेही घाई नको. ह्या दिशेवरून मंदिर हत्शेपसुतच्याच काळचे, असे सिद्ध होत नाही. इतक्या लहान फरकावरून पाच-पंचवीस वर्षांचा काळ ठरवता येणार नाही. आणि नदीपलीकडे कर्नाकच्या मुख्य मंदिराचा अक्षही जवळजवळ ह्याच दिशेत आहे.

सावधगिरीचे शेवटचे उदाहरण तिच्या ममीचे. तिचे नाव असलेल्या एका लाकडी पेटीत एक दात होता. २००७ मध्ये क्ष-किरणांच्या सीटी तपासणीवरून तो दात एका अनामिक ममीच्या जबड्यात बसतो, म्हणून ती ममी हत्शेपसुतची, असे इजिप्तमध्ये जाहीर करण्यात आले. जगभर बातमी झाली. पण तो दात खालच्या जबड्याचा आणि रिकामी जागा वरच्या जबड्यातील, असा आक्षेप नंतर घेतला गेला, आणि वाद मिटलेला नाही. मासे, छिन्नीचे घाव आणि बांधकामाचे थर ह्या वेगवेगळ्या पुराव्यांचा मेळ जसा बसतो, तसा येथे अजून बसलेला नाही.

मित्रहो, इजिप्तला जाण्याचा योग येईल तेव्हा येवो. दोन गोष्टी मात्र येथेच करून पाहता येतील. एक, वहीच्या पानाचा आणि बॅटरीचा प्रयोग वर्गात करा. एकाने लिहावे, पान फाडावे, आणि दुसऱ्याने ते वाचावे. जवळपास एखादा झिजलेला शिलालेख असेल, तर शिक्षकांबरोबर संध्याकाळी तेथे जा. दगडाला हात किंवा खडू न लावता केवळ तिरप्या प्रकाशात किती अक्षरे वाढतात ते मोजा. दोन, येत्या २२ डिसेंबरला मोकळ्या माळावरून किंवा गच्चीवरून सूर्योदय पाहा. महाराष्ट्रात तो पूर्वेपासून दक्षिणेकडे सुमारे २५ अंशांवर दिसला पाहिजे. आपल्या गावाचा अक्षांश घालून आधी हिशेब करा, मग मोजा. होकायंत्र वापरणार असाल, तर ते जवळच्या लोखंडी वस्तूंपासून दूर ठेवा. समोर टेकडी असेल तर सूर्य थोडा उशिरा आणि थोडा अधिक दक्षिणेला दिसेल, तेही ध्यानात घ्या. आणि वर आलेल्या सूर्याकडे टक लावून पाहू नका.

हिशेब आणि मोजमाप जुळले तर आनंद होईलच. जुळले नाहीत तर वहीतला आकडा खोडू नका. त्याच्याशेजारी नवे मोजमाप लिहा, आणि फरक का पडला ते शोधा.